वेगळ्या अन्नाची ॲलर्जी आणि दाताची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेंगदाणे, दूध, अंडी यांच्या ॲलर्जीबद्दल मराठीत थोडंफार वाचायला मिळतं. पण केळं, डाळिंब, लवंग, मनुका, किंवा गोचीड चावल्यापासून न सोसणारं मटण यांचं काय करायचं, असं विचारणारे निरोप आमच्याकडे सतत येतात. बहुतेक वेळा ते अक्कलदाढ काढायच्या आदल्या रात्री येतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. यातलं काहीही वाचून स्वतःहून औषध बंद किंवा सुरू करू नका. हे वाचून आपल्या डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता आले, तरी पुष्कळ झालं.

१. ॲलर्जी मला खाण्याची आहे. दाढ काढताना मी काही खाणार नाही. मग दाताच्या डॉक्टरांना सांगायची गरज काय?

दाढ काढताना तुमच्या तोंडात, रक्तात आणि उघड्या जखमेत बऱ्याच वस्तू जातात, आणि त्यांतल्या काहींचं मूळ अन्नातच असतं. दातांवर लावायच्या काही क्रीममध्ये दुधातलं केसिन असतं. रक्त थांबवायचा स्पंज डुकराच्या कातडीपासून काढलेल्या जिलेटिनचा असू शकतो. काही वेळा पदार्थ वेगळा असतो, पण त्यातलं प्रथिन सारखं निघतं, जसं रबराच्या चिकातलं आणि केळ्यातलं. आणि काही वेळा शस्त्रक्रियेनंतरची गोळीच अन्नाची रिॲक्शन भडकवते (प्रश्न १८).

आमचा अनुभव असा, की लोक ज्या गोष्टींना घाबरतात त्या बहुतेक निरुपद्रवी निघतात आणि ज्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही त्या त्रास देतात. म्हणून नुसतं पदार्थाचं नाव सांगून थांबू नका. त्या पदार्थातल्या कशाची ॲलर्जी आहे, आणि तोच घटक दवाखान्यातल्या कोणत्या वस्तूत आहे, हे दोन प्रश्न लावून धरा.

२. मला वांगं बाधतं. ही ॲलर्जी म्हणायची का?

खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ किंवा पापण्या सुजणं, घसा आवळणं, धाप लागणं, उलट्या, चक्कर यांपैकी काही होत असेल आणि तोच पदार्थ खाल्ल्यावर पुन्हा पुन्हा होत असेल, तर ती ॲलर्जी धरून चालावं. दूध प्यायल्यावर पोट फुगणं, मिरचीने जळजळ होणं, हरभऱ्याने गॅस होणं हे न सोसणं झालं. त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध नाही.

वांगं मधलं उदाहरण आहे. त्यात हिस्टामीन असल्यामुळे ॲलर्जी नसलेल्यांच्याही तोंडाला खाज सुटू शकते. पण वांग्याची खरी ॲलर्जीही असते, आणि तिचा अभ्यास भारतात, म्हैसूरमध्ये, झालेला आहे. तुमचं फक्त तोंड खाजत असेल, तर एवढ्यावरून भुलेत किंवा औषधांत काही बदलावं लागत नाही. अंगभर पित्त उठलं असेल किंवा दम लागला असेल, तर आधी ॲलर्जीतज्ज्ञांना भेटा.

रक्ताच्या एका नमुन्यात शंभर-दोनशे पदार्थ ‘तपासून’ देणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नका. त्यात जे दिसतं ते बहुतेक वेळा तुम्ही काय खाता एवढंच असतं. उपयोगाच्या असतात त्या त्वचेवरची प्रिक टेस्ट आणि त्या-त्या पदार्थाची रक्तातली आयजीई चाचणी (आयजीई म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रतिद्रव्य), आणि त्याही तुमची हकिकत ऐकून घेऊन केलेल्या.

३. डॉक्टरांकडे जाताना काय लिहून न्यायचं?

एक कागद पुरे. त्यावर पदार्थाचं नाव, तो कच्चा होता की शिजवलेला, खाल्ल्यावर किती वेळाने त्रास झाला, नेमकं काय झालं, कोणतं औषध घेतल्यावर उतरलं आणि शेवटचा त्रास कधी झाला, हे लिहा. दमा आहे का, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे का, हे मोठ्या अक्षरांत लिहा. नियंत्रणात नसलेला दमा असेल तर रिॲक्शन जिवावर बेतू शकते, आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांवर रिॲक्शन आल्यावर जीव वाचवायला देतात त्या ॲड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

आणखी एक यादी त्याच कागदावर करा: आजवर त्रास न होता काय काय घेतलं आहे. कोणती वेदनाशामक गोळी, कोणतं अँटिबायोटिक, भुलेचं इंजेक्शन कधी आणि कुठे. शल्यचिकित्सकाला ही दुसरी यादी पहिलीइतकीच मोलाची असते, आणि ती फार थोडे लोक आणतात.

४. मागच्या वेळी भुलेचं इंजेक्शन दिल्यावर धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून ‘भुलेची ॲलर्जी’ असं माझ्या फाइलवर लिहिलेलं आहे. खरं का?

बहुधा नाही. लिग्नोकेनसारख्या औषधाची खरी ॲलर्जी फार दुर्मीळ आहे. भुलेनंतर झालेल्या शंभर त्रासांत ती एकाहून कमी वेळा निघते. धडधड बहुतेक वेळा भुलेत मिसळलेल्या ॲड्रेनलिनची असते आणि अंधारी भीतीने रक्तदाब उतरल्याची. पित्त, सूज किंवा दम यांतलं काही झालं होतं का, हे आठवून सांगा.

तसं झालं असेल तर लिग्नोकेनच्या आधी त्यातल्या जोडघटकांकडे बघावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत भूल ३० मिलीच्या बाटलीतून सिरिंजमध्ये ओढून देतात. एकच बाटली अनेकदा वापरायची असल्यामुळे तिच्यात मिथाइल पॅराबेन हे परिरक्षक घातलेलं असतं. एका वापराच्या कार्ट्रिजमध्ये ते सहसा नसतं. ॲड्रेनलिन असलेल्या भुलेत सल्फाइट असतं, त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये सविस्तर आहे. ‘भुलेची ॲलर्जी’ हा शिक्का तपासून न घेता आयुष्यभर वागवला, तर साध्या दाढेसाठीसुद्धा पूर्ण बेशुद्ध करायची वेळ येते.

५. डॉक्टर हातावर टेस्ट डोस देतात. तेवढ्याने खात्री होते ना?

अन्नाच्या ॲलर्जीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. भुलेबद्दलही खुर्चीत बसवून टोचलेला थेंब फारसा भरवशाचा नाही. सुई टोचल्याची लाली रिॲक्शन वाटते, आणि लाली आली नाही म्हणून पुढचा डोस निर्धोक ठरत नाही. शंका खरी असेल तर ॲलर्जीतज्ज्ञ त्वचेची चाचणी करून पुढे चढत्या मात्रेत औषध देऊन बघतात, आणि हे सगळं सज्ज रुग्णालयात होतं. त्या चाचणीआधी सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. कधी थांबवायच्या ते त्यांनाच विचारा.

६. कोळंबी आणि खेकडा खाल्ला की माझं तोंड सुजतं. मग आयोडीनची औषधं चालत नाहीत, असं सगळे सांगतात.

कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे, आणि हा समज डॉक्टरांमध्येही टिकून आहे. कोळंबीची ॲलर्जी तिच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते. आयोडीनचा तिथे काही संबंध नाही. पोव्हिडोन आयोडीनने तोंड साफ करता येतं, आयोडीनयुक्त डाय घालून स्कॅनही करता येतो. पोव्हिडोन आयोडीनने स्वतंत्रपणे कोणाला त्रास झाला असेल, तर ती वेगळी ॲलर्जी आहे. तशीच नोंदवा.

विचारायची गोष्ट दुसरीच आहे. रक्तस्राव थांबवायच्या काही पट्ट्या कायटोसानच्या असतात, आणि कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. शुद्ध केल्यावर त्यात प्रथिन जवळपास राहत नाही आणि त्याने त्रास झाल्याची उदाहरणं विरळाच. तरीही ज्यांना कोळंबीने जीवघेणी रिॲक्शन आली आहे त्यांच्यासाठी आम्ही ती वापरत नाही. कापसाचा किंवा गॉजचा घट्ट बोळा आणि टाके यांनी तेच काम होतं.

७. अंड्याची ॲलर्जी आहे आणि चारही अक्कलदाढा पूर्ण भूल देऊन काढायच्या आहेत. प्रोपोफॉल चालेल का?

चालतं. बेशुद्ध करायला शिरेतून देतात त्या प्रोपोफॉलमध्ये सोयाबीनचं शुद्ध केलेलं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन असतं. ॲलर्जी मात्र बहुतांशी पांढऱ्यातल्या प्रथिनांची असते. अंडं किंवा सोया यांची ॲलर्जी असलेल्यांना प्रोपोफॉल देताना वेगळी खबरदारी लागत नाही, अशी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ॲलर्जी, अस्थमा अँड इम्युनॉलॉजीची भूमिका आहे. भूलतज्ज्ञांना सांगा जरूर, पण त्यासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका.

८. मशरूमची ॲलर्जी आहे. पेनिसिलिन बुरशीपासून बनतं, मग ॲमॉक्सिसिलिन टाळू का?

टाळायचं कारण नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी त्या औषधाच्या रेणूची असते, बुरशीची नसते.

९. मला केळं आणि किवी खाल्ल्यावर घशात खाज येते. डॉक्टर म्हणाले, हातमोजे बदलावे लागतील. हे कसलं?

तुमचे डॉक्टर जागरूक आहेत. नैसर्गिक रबर, म्हणजे लॅटेक्स, हे झाडाच्या चिकापासून बनतं. त्या चिकातल्या काही प्रथिनांची ठेवण केळं, ॲव्होकॅडो, किवी आणि चेस्टनट यांतल्या प्रथिनांशी जुळते. पपईचं नावही या यादीत येतं. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांना अशी काही फळं सोसत नाहीत. उलट बाजूने प्रमाण बरंच कमी आहे. केळं न सोसणारा प्रत्येक माणूस रबराने आजारी पडत नाही. पण तोंडातल्या नाजूक त्वचेवर रबर तासभर टेकून राहणार असेल, तर आधी विचारलेलं बरं.

स्वतःला हे विचारून बघा. फुगा फुगवताना ओठ सुजले होते का? रबरी हातमोजे घालून भांडी घासताना हात खाजतात का? कंडोमने त्रास झाला आहे का? लहानपणी अनेक शस्त्रक्रिया झाल्या आहेत का, विशेषतः पाठीच्या कण्याच्या किंवा मूत्रमार्गाच्या? रुग्णालयात नोकरी करता का? यांतलं एकही उत्तर ‘हो’ असेल तर लॅटेक्सची चाचणी करून घ्या.

दाताच्या दवाखान्यात लॅटेक्स हातमोज्यांपुरतं नसतं. रूट कॅनॉलला दाताभोवती ताणतात ती रबरी चादर, ब्रेसेसची रबरं, दात घासायच्या मशीनची रबरी वाटी, रक्तदाब मोजायच्या यंत्राची नळी, काही भुलेच्या कार्ट्रिजचं रबरी बूच, इतक्या ठिकाणी ते सापडू शकतं. या सगळ्यांना लॅटेक्सविरहित पर्याय आहेत, पण ते आधी मागवून ठेवावे लागतात. हातमोजे नायट्राइलचे हवेत. पावडर लावलेले लॅटेक्स हातमोजे सर्वांत वाईट, कारण पावडरीबरोबर प्रथिन हवेत उडतं आणि श्वासावाटे आत जातं. अमेरिकेत पावडरच्या हातमोज्यांवर २०१७ पासून बंदी आहे. म्हणून सकाळची पहिली वेळ मागा. रात्रभरात हवेतला कण खाली बसलेला असतो आणि टेबलं ताजी पुसलेली असतात.

‘लॅटेक्सचे मोजे घालून वर नायट्राइलचे घालतो’ असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे नकार द्या.

१०. मुलाला दुधाची कडक ॲलर्जी आहे. दात काढणार आहेत. काय तपासायचं?

सर्वांत आधी दातांना मजबुती देणारं क्रीम. कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरवणाऱ्या काही क्रीममध्ये आणि च्युइंगगममध्ये गाईच्या दुधातलं केसिन असतं. पाकिटावर ‘केसिन फॉस्फोपेप्टाइड’ किंवा ‘सीपीपी-एसीपी’ दिसलं की ते मुलाच्या तोंडात जाता कामा नये. ‘साखर नाही’ एवढं वाचून पालक निर्धास्त होतात, आणि पुढची ओळ राहून जाते.

गोळ्यांतलं लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. तिच्यात प्रथिनाचा अंश क्वचितच असतो आणि बहुतेकांना गोळ्या चालतात. अगदी थोड्या दुधानेही ज्यांना जीवघेणी रिॲक्शन येते, त्यांनी मात्र श्वासातून घ्यायची पावडर आणि लॅक्टोज असलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं यांबद्दल विचारावं. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमच्या काही कुप्यांत लॅक्टोज असतं, आणि रिॲक्शन उतरवायला दिलेल्या औषधानेच ती वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. दात काढल्यावरच्या आइस्क्रीमबद्दल प्रश्न १९ पाहा.

११. दालचिनीने तोंड सोलवटतं, लवंग चघळली की हिरडी लाल होते. दात दुखला की सगळे लवंगेचं तेल सांगतात.

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दवाखान्यातही सर्रास असतं. तात्पुरतं सिमेंट झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचं असतं. दाढ काढल्यावर खळी कोरडी पडून ठणका लागला, तर तिच्यात भरायच्या औषधातही बहुधा तेच असतं. तुमची तक्रार संपर्काने होणाऱ्या ॲलर्जीसारखी दिसते. ती तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी उमटते, त्यामुळे कारण ध्यानात येत नाही. ‘सिमेंट भरलं आणि दुसऱ्या दिवशी गाल आतून पांढरा पडून सोलला’ ही तिची नेहमीची हकिकत. लवंग, दालचिनी, व्हॅनिला, संत्र्याची साल यांचा एकत्र त्रास होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून ‘बाल्सम ऑफ पेरू’ची पॅच टेस्ट करून घ्या. युजेनॉल नसलेली सिमेंटं सहज मिळतात. दालचिनीची चव असलेली टूथपेस्टही बदला.

१२. आंब्याच्या चिकाने ओठ भाजतात, काजूची बी फोडताना हात फुटतात. हे डॉक्टरांना सांगू का?

सांगा, पण काळजी करू नका. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. त्यांच्या चिकातली तेलकट द्रव्यं त्वचेला झोंबून उशिराने पुरळ आणतात. भूल, हातमोजे किंवा टाके यांच्याशी त्याचा संबंध नाही. काजूगर खाल्ल्यावर घसा सुजणं ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे. तिथे प्रश्न ३ मधला कागद तयार करा. ओठांवर ताजं पुरळ असेल तर ते बरं होईपर्यंत दाढ पुढे ढकला, कारण ओठ ताणावा लागतो.

१३. डाळिंब खाल्ल्यावर एकदा बेशुद्ध पडले होते. डाळिंबाचं औषधांत काय असणार?

मॅनिटॉल. ही गोडसर चवीची साखरेसारखी वस्तू डाळिंबात नैसर्गिकपणे असते, आणि डाळिंब खाऊन झालेली तीव्र रिॲक्शन मॅनिटॉलमुळे असल्याचं म्हैसूरच्या संशोधकांनी एका रुग्णात दाखवलं होतं. डाळिंबाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना फळातल्या प्रथिनांचा त्रास असतो आणि त्यांना औषधं चालतात. पण तुम्हाला च्युइंगगम किंवा चघळायच्या गोळीनेही त्रास झालेला असेल, तर धागा मॅनिटॉलकडे जातो. चघळायच्या आणि तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांत ते भरपूर असतं. साधी गिळायची गोळी किंवा पातळ औषध मागा, आणि घटकांच्या यादीत मॅनिटॉल आहे का ते बघा. सोलापूर भागात डाळिंब घरचं फळ आहे, त्यामुळे ‘डाळिंबाने काय होणार?’ असं म्हणून ही हकिकत झटकली जाते. ती झटकू देऊ नका.

१४. पिवळ्या मनुका, सुके जर्दाळू, बाटलीतला स्क्वॅश घेतला की दमा उसळतो. हा धागा कुठे जातो?

सल्फाइटकडे. घरी आंब्याचा किंवा लिंबाचा स्क्वॅश करणाऱ्यांना ‘केएमएस’ ही पांढरी पावडर माहीत असते. ती पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. पिवळ्या मनुकांचा रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात, वाइनमध्ये सल्फाइट असतं, आणि कोळंबी काळी पडू नये म्हणूनही ते वापरतात. म्हणजे कोळंबी खाऊन धाप लागलेल्या माणसाला कधी कधी कोळंबीची ॲलर्जी नसतेच.

ॲड्रेनलिन असलेल्या भुलेत, ते ॲड्रेनलिन खराब होऊ नये म्हणून, सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. एका कार्ट्रिजमध्ये ते जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून खाण्याने थोडासा खोकला येणाऱ्या बहुतेकांना भूल चालून जाते. ज्यांना सल्फाइटने दम्याचा जोरदार झटका आला आहे, विशेषतः ज्यांचा दमा स्टेरॉइडवर टिकून आहे, त्यांच्यासाठी ॲड्रेनलिनविरहित लिग्नोकेन किंवा मेपिव्हाकेन वापरावं. त्याची किंमत मोजावी लागते: अशी भूल लवकर उतरते आणि रक्त जास्त येतं. अशा वेळी एका बैठकीत एकच दाढ काढावी. ‘साधी’ भूल बाटलीतली असेल तर प्रश्न ४ मधलं परिरक्षक तिच्यात असू शकतं, हेही बघा.

सल्फाइट, सल्फा औषधं आणि सल्फेट ही तीन वेगवेगळी कुळं आहेत. सल्फाच्या गोळीने पुरळ आलेल्या माणसाला भुलेतलं सल्फाइट चालतं.

१५. मग मला सल्फाइट चालत नसेल आणि जीवघेणी रिॲक्शन आलीच, तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन कसं घ्यायचं? त्यातही सल्फाइट असतं ना?

असतं, आणि तरीही घ्यायचं. लगेच घ्यायचं. त्या क्षणी जीव वाचवणारं दुसरं औषध नाही, आणि त्यातल्या सल्फाइटची मात्रा अगदी थोडी असते. सल्फाइट आहे म्हणून ॲड्रेनलिन द्यायला कचरणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ही ओळ पोहोचवा.

१६. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. मांसाहारी पदार्थांची ॲलर्जी आम्हाला लागू होत नाही, बरोबर?

इथेच एक गोष्ट नजरेतून सुटते. जे कधी खाल्लंच नाही त्याचा त्रास होतो का, हे तुम्हाला माहीत असण्याचा संभव कमी, आणि शस्त्रक्रियेत प्राण्यांपासून बनवलेल्या वस्तू जखमेत ठेवल्या जातात. रक्त थांबवायचा जिलेटिनचा स्पंज सहसा डुकराच्या कातडीचा असतो. विरघळणारे कॅटगटचे टाके मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यांचे. हाडाची भर घालायची पावडर अनेकदा गुरांच्या हाडांची, आणि तिच्यावर पसरायचा पडदा डुकराच्या कोलाजेनचा. कॅप्सूलचं टरफलही बहुधा जिलेटिनचंच.

कॅप्सूल, जेली किंवा गमीच्या गोळ्या त्रासाविना खाल्ल्या असतील, तर जिलेटिनची ॲलर्जी असण्याचा संभव फारच कमी. एखाद्या लसीनंतर लगेच पित्त उठलं असेल तर ते जरूर सांगा, कारण काही लसींत जिलेटिन असतं.

ॲलर्जीचा प्रश्न नसला तरी तुम्हाला धर्माने किंवा मनाने या वस्तू नको असतील, तर तसं आधीच सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वनस्पतीपासून बनवलेला ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज, पॉलिग्लॅक्टिनचे कृत्रिम टाके, आणि तुमच्याच रक्तापासून तिथेच तयार केलेला फायब्रिनचा थर (पीआरएफ) हे चांगले पर्याय आहेत. सांगितल्याशिवाय ही निवड कोणी विचारेलच असं नाही.

१७. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. रानातून फिरून आल्यावर नवऱ्याला गोचीड चावली होती, आणि आता मटण खाल्लं की मध्यरात्री अंगभर पित्त उठतं. त्यांना इम्प्लांट बसवायचं आहे.

हे अल्फा-गॅल सिंड्रोमचं वर्णन दिसतं. अल्फा-गॅल ही सस्तन प्राण्यांच्या शरीरातली एक शर्करा. माणसात ती नसते. ‘लोन स्टार’ जातीच्या गोचिडीच्या चाव्यातून शरीर तिच्याविरुद्ध तयार होतं आणि नंतर मटण, डुकराचं किंवा गुरांचं मांस खाल्लं की दोन ते सहा तासांनी त्रास होतो. इतक्या उशिरामुळे वर्षानुवर्षं कोणी जेवणाकडे बोट दाखवत नव्हतं. व्हर्जिनियातले थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी कॅन्सरवरच्या सेटुक्सिमॅब या औषधाच्या रिॲक्शनचा शोध घेत होते. त्यातून २००८ च्या सुमारास हे कोडं उलगडायला लागलं. मासे आणि कोंबडी तुमच्या नवऱ्याला चालायला हवी. काहींना दुधानेही त्रास होतो.

इम्प्लांटचा स्क्रू टायटॅनियमचा असतो, त्याची अडचण नाही. अडचण त्याच्या आजूबाजूला आहे: प्रश्न १६ मधली सगळी यादी त्यांना लागू होते, शिवाय रक्त गोठवायला वापरतात ते गुरांच्या रक्तातलं थ्रॉम्बिन. गुरांच्या हाडांची पावडर उष्णता देऊन प्रथिनविरहित केलेली असते आणि तिचा धोका कमी मानतात. पण हाडात घातलेली वस्तू त्रास झाला तर काढून घेणं सोपं नसतं. आमचं मत असं, की कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची पावडर किंवा स्वतःचंच हाड वापरावं. कॅप्सूलऐवजी गोळ्या घ्याव्यात. आणि घरी पाठवल्यावर सहा-आठ तास कोणीतरी सोबत असावं, कारण त्रास झालाच तर तो खुर्चीत न होता घरी होईल.

१८. गव्हाची पोळी खाऊन पळायला गेलो की पित्त उठतं, नुसती पोळी चालते. दाढ काढल्यावर मी पळणार नाही, मग काळजी कशाची?

वेदनाशामक गोळीची. तुमच्या प्रकारात गव्हातलं ओमेगा-५ ग्लायडिन हे प्रथिन एकटं पुरेसं ठरत नाही, त्याला जोड लागते. व्यायाम ही एक जोड. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही दुसरी, दारू ही तिसरी. या गोळ्यांमुळे आतड्यातून प्रथिन जास्त प्रमाणात रक्तात जातं. दाढ काढली, नाश्त्याला शिरा किंवा ब्रेड-दूध घेतलं आणि वर आयबुप्रोफेन घेतली, एवढ्याने जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते. मग सगळे गोळीला दोष देतात आणि खरं कारण सापडत नाही. पीच-सफरचंदासारख्या फळांतल्या एलटीपी नावाच्या प्रथिनाच्या ॲलर्जीतही असंच होतं.

उपाय सोपा आहे. पॅरासिटामॉलवर भागतं का बघा. भागत नसेल तर आयबुप्रोफेनसारखी गोळी चालू असेपर्यंत गहू पूर्ण बंद: तांदूळ, ज्वारी, नाचणी यांवर राहा. हे नियोजन शस्त्रक्रियेआधी लिहून घ्या. दुखायला लागल्यावर पाकिटावरची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही.

१९. दाढ काढल्यावर काय खायचं? आणि ओठ सुन्न असताना रिॲक्शन कळेल कशी?

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तोंडाला मुंग्या येणं, ओठ जड होणं, जीभ जाड वाटणं ही अन्नाच्या ॲलर्जीची पहिली चाहूल असते, आणि भुलेनंतर काही तास ही चाहूल झाकली जाते. शिवाय दाढ काढल्याची सूज आणि ॲलर्जीची सूज एकमेकींत मिसळतात. ओळखायची खूण अशी: दाढेची सूज त्याच बाजूला असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू वाढते. ॲलर्जीची सूज मिनिटांत चढते, ओठ-पापण्या-जीभ कुठेही येते, आणि सोबत खाज किंवा पित्त असतं. म्हणून भूल पूर्ण उतरेपर्यंत काही खाऊ नका, आणि पहिले तीन-चार दिवस नवा किंवा बाहेरचा पदार्थ नको.

दुधाची ॲलर्जी असेल तर आइस्क्रीम, ताक आणि तूपसुद्धा नको. तुपात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो. थंड नारळपाणी, बिनमिरचीची सोलकढी आणि तांदळाची कोमट पेज घ्या. हरभऱ्याची ॲलर्जी भारतात नवी नाही, आणि मऊ म्हणून आपल्याकडे हमखास वाढतात ते पिठलं-भात. तशांनी मुगाचं वरण आधी चाललेलं असेल तरच घ्यावं. तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी तेलाच्या गुळण्यांपासून लांब राहावं. खरं तर ताज्या जखमेवर जोराने गुळण्या कोणीच करू नयेत, खळीतली गुठळी निघून येते.

२०. दवाखाना सुरक्षित आहे की नाही, हे मी कसं ओळखू?

एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडे ॲड्रेनलिन आहे का आणि कुठे आहे?’ उत्तर देताना कोणी कपाट शोधायला लागलं, तर तुमच्यासारख्या रुग्णाची शस्त्रक्रिया रुग्णालयात व्हावी. पेनसारखं आयतं इंजेक्शन भारतात सहजासहजी मिळत नाही, पण एक मिलिग्रॅमची काचेची कुपी स्वस्त आहे आणि कोणत्याही दवाखान्यात असायला हवी.

रिॲक्शन आली तर रुग्णाला आडवं करून पाय उंच करतात. धाप लागली असेल तर टेकवून बसवतात, पण उभं करत नाहीत. ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात: दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. ऑक्सिजन लावून १०८ ला फोन. ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर. ती आधी देऊन वाट बघण्यात जाणारा वेळ परत मिळत नाही. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात राहावं लागतं, कारण त्रास दुसऱ्यांदा उसळू शकतो. एक-दोन तासांत रक्तातलं ट्रिप्टेज (रिॲक्शनमध्ये पेशींतून सुटणारं एक द्रव्य) तपासलं, तर ती खरोखर ॲलर्जी होती का हे पुढे कळायला मदत होते.

दोष नेहमी अन्नाचाच असेल असं धरू नका. क्लोरहेक्सिडिन या नेहमीच्या माउथवॉशची तीव्र ॲलर्जी असू शकते. ब्रिटनमध्ये दाताची खळी त्याने धुतल्यावर दोन रुग्ण दगावले. खळी धुवायला सलाइन पुरतं.

२१. आमच्या मुलीला शेंगदाण्याची सवय लावायचे डोस चालू आहेत. दुधाचा दात काढायचा आहे.

अशा उपचारात रोज ठरलेल्या मात्रेत तोच पदार्थ खायला देतात. अमेरिकेत २०२० मध्ये शेंगदाण्यासाठी अशा औषधाला मान्यता मिळाली आणि तिथल्या बऱ्याच मराठी घरांतून हा प्रश्न येतो. तोंडात उघडी जखम असताना नेहमी पचणारा डोसही त्रास देऊ शकतो. म्हणून दात काढण्याआधीच ॲलर्जीतज्ज्ञांना फोन करा. ते बहुधा डोस थांबवतात किंवा कमी करतात, आणि किती दिवसांनी कुठल्या मात्रेवर परतायचं ते सांगतात. स्वतःहून थांबवून स्वतःहून पूर्ण मात्रेवर परत जाऊ नका. दुधाचा दात आपोआप पडला तरी हाच नियम.

२२. गाल सुजला आहे, पू झाला आहे, आणि ॲलर्जीची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. थांबू का?

थांबू नका. दाढेचा पू मानेत उतरला तर श्वास अडतो, आणि तो धोका तुमच्या ॲलर्जीपेक्षा कितीतरी जवळचा आहे. तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, जिभेखाली सूज असेल, ताप असेल, तर आजच, रात्र असली तरी, भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा.

चाचणी झालेली नसली तरी काम अडत नाही. नायट्राइलचे मोजे, एका वापराची भूल, सलाइन, कृत्रिम टाके, गॉजचा बोळा, आणि तुम्ही पूर्वी त्रासाविना घेतलेलं अँटिबायोटिक एवढ्यावर बहुतेक शस्त्रक्रिया होतात. जिलेटिन, कोलाजेन, कायटोसान यांना त्या दिवशी हात लावायचा नाही. प्रश्न ३ मधला कागद नसेल तर रिक्षात बसल्या बसल्या फोनवर लिहा, आणि सोबतच्या माणसाला तो तोंडपाठ सांगून ठेवा, कारण तुम्हाला बोलता येईलच असं नाही.